घाटावरचे आभाळ, घाटाखालचे आभाळ: बुलढाण्याच्या पाऊस-अंदाजाचा इतिहास

१/ जून उजाडला की बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे पुढच्या आठ दिवसांचा एकच प्रश्न उभा राहतो: आता पेरावे की थांबावे? पेरले आणि पावसाने दडी मारली, तर बियाणे मातीत करपते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. थांबले आणि झड लागली, तर वापसा मिळत नाही आणि हंगाम मागे पडतो. या प्रश्नाला आजवर कोणी, कोणत्या साधनाने आणि किती प्रामाणिकपणे उत्तर दिले, त्याचा हा इतिहास.

२/ आधी भूगोल. या जिल्ह्यात माणूस कुठला हे सांगताना ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ असे विचारले जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा घाटावरचा प्रदेश. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यातला, उत्तरेला सातपुड्यापर्यंत पोहोचणारा. जिल्हा एक असला, तरी आभाळ एक नाही.

३/ पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापक म्हणून ठेवण्याची आज्ञा आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो, हेही त्यात नोंदले आहे: कोरड्या जांगल प्रदेशात १६, अवंतीत २३, अपरान्तात म्हणजे कोकणपट्टीत अमाप. गोदावरीकाठच्या अश्मक देशाचाही त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. करवसुली आणि पेरणी ही दोन्ही कामे या मोजणीवर अवलंबून होती.

४/ त्याच ग्रंथातील एक निरीक्षण विशेष मोलाचे आहे. पावसाचा एक तृतीयांश भाग पहिल्या व शेवटच्या महिन्यात आणि दोन तृतीयांश भाग मधल्या दोन महिन्यांत पडला, तर ते वर्ष चांगले. म्हणजे एकूण पाऊस किती, यापेक्षा तो केव्हा पडला, याला महत्त्व. हे सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे इंग्रजी अमदानीतील सरकारी अंदाज नेमका हाच ‘केव्हा’ विसरला.

५/ सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या ‘गर्भा’चे शास्त्र मांडले. हिवाळ्यात ढग, वारा, वीज, आभाळाचा रंग यांची विशिष्ट लक्षणे दिसली की मेघाला गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी तो पावसाच्या रूपाने प्रसवतो, अशी ती कल्पना. आज ती विज्ञान म्हणून टिकत नाही. परंतु आजचे आभाळ पाहून सहा महिन्यांनंतरचा पाऊस सांगता येईल, ही महत्त्वाकांक्षा मात्र तिथे स्पष्ट दिसते.

६/ शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात उतरली ती नक्षत्रांची गणना. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो. म्हणून रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही नावे म्हणजे पावसाळ्याचे तयार पंधरवडे. मृगाचा ‘मिरग’ झाला, पुनर्वसूचा ‘तरणा पाऊस’ आणि पुष्याचा ‘म्हातारा पाऊस’. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस भरपूर, असा समज. साप्ताहिक अंदाजाच्या आधीचा हा पाक्षिक अंदाजच होता.

७/ याला जोड मिळाली सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेल्या लोकवचनांची. कोणत्या दिशेची वीज, कोणत्या महिन्यातला वारा, मुंग्यांची आणि पक्ष्यांची कोणती हालचाल पावसाची सूचना देते, हे त्यांत पाठांतराला सोपे करून बांधले आहे. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले आणि गणपत कृष्णाजींसारख्या मुद्रकांनी पंचांग घराघरांत पोहोचवले. आकाशाचे वाचन त्यामुळे जोशीबुवांच्या पोथीतून खुंटीवरच्या पुस्तिकेत आले.

८/ या गणनेत एक बारीक अडचण आहे. पंचांगातील नक्षत्रप्रवेश ताऱ्यांच्या संदर्भाने ठरतो, तर ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याने ठरतात. या दोहोंत सुमारे ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. वराहमिहिराच्या काळापासून आजवर तो २० दिवसांच्या आसपास गेला आहे. तेव्हाचा मृग आजच्या मृगापेक्षा ऋतुमानाने जवळजवळ तीन आठवडे आधी लागत असे. नाव तेच राहिले. नावाखालचे आभाळ हळूहळू सरकले.

९/ आता घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावी. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी येथे शेतात ‘घटमांडणी’ होते. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली, असे परंपरा सांगते. आजही वाघ घराण्यातील वंशज ती मांडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे घटाचे निरीक्षण करून वर्षाचे भाकीत जाहीर होते. ते ऐकण्यासाठी विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातून शेतकरी येतात.

१०/ मांडणी अशी: शेतात गोलाकार घट आखतात. त्याच्या कडेने ज्वारी, बाजरी, गहू, तूर, मूग, उडीद, हरभरा, सरकी, जवस, तीळ, अंबाडी, करडई, मसूर अशी अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पापड, पुरी, कुरडई, करंजी, विडा-सुपारी. रात्रभर तिथे कोणी जायचे नाही. सकाळी कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, ते पाहायचे.

११/ प्रत्येक वस्तूला अर्थ आहे. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. जे ढेकूळ जास्त ओले, त्या महिन्यात पाऊस जास्त. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे देशाची तिजोरी, विडा म्हणजे राजा. म्हणून या भाकितात पावसाबरोबर पीकपाणी, रोगराई आणि राजसत्ता हेही येते. चार ढेकळांतला विचार अर्थशास्त्रातल्या सूत्राशी जुळतो: किती यापेक्षा केव्हा. शेतकऱ्याला काय हवे, हे मांडणाऱ्यांना नेमके ठाऊक होते.

१२/ तिथीची निवडही व्यवहारी आहे. अक्षय तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मे महिन्यात येते. शेजारच्या खानदेशात ‘आखाजी’पासून सालदाराचे नवे साल धरण्याची रीत आहे. पेरणीला महिना-सव्वा महिना उरलेला असतो. कोणते बियाणे घ्यायचे, किती कर्ज काढायचे, हे ठरवण्याची हीच वेळ. भेंडवळचे भाकीत नेमके या निर्णयाच्या तोंडावर येते. कोणत्याही अंदाजाची किंमत तो कधी मिळतो यावर ठरते.

१३/ आता पट बदलतो. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस कमी पडू लागला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला भाव आला. मुंबईहून आलेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावहून पुढे गेला; १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. खामगावची कापूस बाजारपेठ देशभर गाजली. बुलढाण्याचा पाऊस आता लँकेशायरच्या व्यापाऱ्याचाही विषय झाला.

१४/ याच काळात सरकारला हवामानाची निकड भासली. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ, १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ आणि १८७१ मधील पावसाची तूट यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. पुढच्याच वर्षी दख्खनला गिळणारा १८७६-७८ चा महादुष्काळ सुरू झाला. पाऊस चुकणार हे आधी कळू शकते का, या प्रश्नाला मृत्यूंच्या आकड्यांनी धार आली.

१५/ ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये एक संबंध मांडला: हिमालयात बर्फ जास्त पडले, तर त्यानंतरचा मान्सून दुबळा राहतो. त्या आधारावर १८८६ पासून संपूर्ण देशासाठी हंगामी अंदाज नियमित प्रसिद्ध होऊ लागला. जगातील अशा प्रकारच्या पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. तत्त्वतः ही कल्पना वराहमिहिराच्या गर्भाइतकीच दूरदर्शी होती: हिवाळ्यातील खूण, पावसाळ्यातील फळ. फरक इतकाच की ही खूण दरवर्षी मोजली, छापली आणि तपासली जाणार होती.

१६/ ती तपासणी लवकरच झाली आणि जबर झाली. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ सालासाठी सरासरीपेक्षा चांगल्या पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात त्या शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक पडला. १८९६-९७ च्या दुष्काळातून जेमतेम सावरलेला वऱ्हाड १८९९-१९०० मध्ये पुन्हा होरपळला. लोक खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर गेले. कागदावरचा चांगला पाऊस आणि शिवारातली भेगाळलेली जमीन एकाच वर्षाची होती.

१७/ वृत्तपत्रांनी सरकारला धारेवर धरले. त्यावर काढलेला तोडगा उद्बोधक आहे: काही वर्षे अंदाज गोपनीय ठेवण्यात आला. तो अधिकाऱ्यांकडे जाई, जनतेकडे नाही. ज्याच्या पेरणीसाठी अंदाज करायचा, त्यालाच तो कळू नये, अशी ही व्यवस्था. परंतु विभागाने स्वतःच्या नोंदी मात्र नष्ट केल्या नाहीत. चूक लिहिलेली राहिली, म्हणून पुढच्या माणसाला तिच्यावर काम करता आले.

१८/ तो पुढचा माणूस म्हणजे गिल्बर्ट वॉकर. १९०४ मध्ये प्रमुखपदी आलेले हे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचा अनुभव जवळजवळ शून्य. जगभरच्या केंद्रांवरील वायुदाब, तापमान आणि पाऊस यांच्या आकड्यांचे परस्परसंबंध त्यांनी भारतीय कारकुनांच्या मदतीने हाताने काढले. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील दाबाचा झोका सापडला; त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटले. १९६० च्या दशकात बियर्कनेस यांनी त्याची सांगड एल निनोशी घातली. आज बातम्यांत येणारा एल निनो हा १८९९ च्या चुकीचा दूरचा वारस आहे.

१९/ हंगामाचे गणित असे पुढे सरकत होते. पण आठवड्याचा अंदाज हंगामी आकड्यांतून निघत नाही. त्याला रोजचे आभाळ वाचावे लागते, आणि त्यासाठी ढगांना सर्वत्र सारखी नावे लागतात. ही नावे १८०२ मध्ये लंडनमधील औषध व्यावसायिक ल्यूक हॉवर्ड यांनी दिली. वनस्पतींच्या लॅटिन वर्गीकरणाचा आदर्श समोर ठेवून त्यांनी ढगांचे मूळ प्रकार मांडले: सिरस म्हणजे तंतू, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर, आणि पाऊस देणारा निंबस.

२०/ परंतु लंडनचा ढग आणि वऱ्हाडचा ढग एकच, हे कशावरून? १८८० च्या दशकात राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी जगप्रवास करून हेच पडताळले आणि ढगांची रूपे सर्वत्र सारखी असल्याचा निर्वाळा दिला. १८९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मेघ-चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यानंतर जगातील कोणत्याही वेधशाळेतला निरीक्षक वर पाहून तीच दहा नावे लिहू लागला. घाटावरच्या बुलढाणा शहरातील वेधशाळाही त्याच भाषेत आभाळ नोंदवते.

२१/ हे ढग जिल्ह्यावर ऋतूप्रमाणे येतात. हिवाळ्यात उंचावर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या जमिनीवर राशिमेघ फुगतात; काहींचे गर्जन्मेघ होतात, १५ किलोमीटरपर्यंत चढतात आणि वळीव, वीज, प्रसंगी गारा देतात. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकला की राखाडी थरमेघांचे छत येते आणि दिवसरात्र पाऊस लागतो. पावसात खंड पडला की विरळ, पांढरे, कोरडे राशिमेघ तरंगत राहतात.

२२/ मराठी परिभाषेत तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ हे शब्द घडवले गेले. पण गावची भाषा ढगाचा आकार सांगत नाही. ढगाने काय केले, ते सांगते. झाकोळ, मळभ, वळीव, झड, उघाड, खंड. वऱ्हाडीत आभाळाचे ‘आभाय’ होते, पण ‘झड लागली’ म्हटले की थर किती जाड आणि डवरणी किती दिवस थांबणार, दोन्ही कळते. ‘उघाड’ म्हणजे नुसते निरभ्र आकाश नव्हे. वापसा येण्याची आशा आहे. लॅटिन नावे निरीक्षकासाठी आहेत, ही नावे शेतकऱ्यासाठी.

२३/ या दोन भाषांना जोडण्याचे काम मोठ्या प्रमाणात पुण्यातून झाले. १९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले. ती इमारत आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. १९३२ मध्ये तेथे एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. पीक, माती आणि जमिनीलगतची हवा यांचा एकत्र अभ्यास होऊ लागला. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू झाली. अंदाज प्रथमच कानांवर आला.

२४/ तरीही ती वार्ता ‘विदर्भा’साठी असे. बुलढाणा विदर्भाच्या अगदी पश्चिम टोकाला. एका बाजूला खानदेश, दुसऱ्या बाजूला मराठवाडा. ‘विदर्भात काही ठिकाणी पाऊस’ हे वाक्य गोंदियाच्या भाताला आणि देऊळगाव राजाच्या कापसाला एकाच वेळी लागू होई. ते खोटे नव्हते, निरुपयोगी होते. १९७६ मध्ये कृषी हवामान सल्ला सेवा राज्यांच्या सहकार्याने सुरू झाली, आणि २००८ पासून अंदाज जिल्हा पातळीवर आला. दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील पाच दिवसांचे हवामान आणि पीकसल्ला मिळू लागला.

२५/ पण घाटाचे काय? जिल्ह्याचा एक आकडा घाटावर आणि घाटाखाली सारखा कसा लागू होणार? म्हणून २०१८ पासून देशातील सुमारे २०० जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडण्यात आली. तालुकानिहाय सल्ला स्थानिक भाषेत देणे हे त्यांचे काम. २०२४ च्या सुरुवातीला ही केंद्रे बंद झाली. संगणकाची प्रारूपे बारीक होत असतानाच त्यांचा अर्थ शेतकऱ्याला सांगणारा माणूस मात्र कमी झाला.

२६/ मोजणीचे चित्र वेगळे आहे. ‘महावेध’ प्रकल्पातून महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. त्यांच्या आकड्यांना पीक विम्याच्या दाव्यांतही वजन आहे. केंद्रापाशी सर आली आणि चार कोसांवरचे शिवार कोरडे राहिले, तर नोंदीत पाऊस झालेला असतो. कौटिल्याचे कुंड कुठे ठेवायचे, हा प्रश्न आजही प्रशासनाचा आहे आणि त्यावर शेतकऱ्याचे पैसे अवलंबून आहेत.

२७/ या पोकळीत भेंडवळचे स्थान समजते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा आक्षेप रास्त आहे: रात्री धान्य हलण्यामागे वारा, किडे, ओलावा असू शकतो, त्याचा पुढच्या चार महिन्यांशी कार्यकारणभाव नाही. तरी लोक तिथे जातात, कारण तिथे त्यांच्या पिकाचे नाव घेऊन, त्यांच्या बोलीत, महिन्यागणिक उत्तर मिळते. सरकारी अंदाजात दीर्घकाळ शास्त्र होते, पण ते पीक आणि तो महिना नव्हता.

२८/ मग दोहोंत फरक कोणता? वयाचा नाही. जुने ते खोटे आणि नवे ते खरे, असा निकाल इतिहास देत नाही. वराहमिहिराचा गर्भ टिकला नाही आणि इलियट यांचा अंदाजही चुकला. फरक हिशेबाचा आहे. भाकीत आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी शेजारी मांडून चुकांचा ताळेबंद करण्याची प्रथा घटमांडणीत नाही. बरोबर ठरलेले लक्षात राहते, चुकलेले विरते. १८९९ ची चूक मात्र आकड्यांत राहिली आणि तिच्यावरच वॉकर यांचे काम उभे राहिले.

२९/ बुलढाणा हा विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. २००६ मध्ये त्यांच्यासाठी पंतप्रधानांनी विशेष योजना जाहीर केली होती. येथे अंदाज हा कुतूहलाचा विषय नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पण पहिल्या ४० मिलिमीटरनंतर पुढचे आठ दिवस काय, हे माहीत नसेल तर शेजाऱ्याची तिफण निघालेली पाहून थांबणे कठीण जाते.

३०/ दोन हजार वर्षांत साधने बदलली: कुंड, पोथी, ढेकूळ, दाबमापक, उपग्रह. २०२५ मध्ये सुरू झालेली भारतीय अंदाज प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटीत देश पाहते. त्या चौकटीत घाटावरचे शिवार आणि घाटाखालचे शिवार वेगवेगळे दिसू शकतात. आता दोन कामे उरतात: तो अंदाज ‘झड’ आणि ‘उघाड’ समजणाऱ्या भाषेत बांधापर्यंत नेणे, आणि चुकला तर तो किती चुकला, हे त्याच बांधावर सांगणे.